तात्यांनी धरलेली चिलापी

मला मासे धरायला माझ्या वडिलांनी शिकवलं, असं एकदा शाळेत मी सहज बोलून गेले. सोलापुरात ज्या शाळेत मी शिकवते तिथल्या प्रभाबाई हातातला चहा खाली ठेवून म्हणाल्या, "सांगोल्यात? अहो पूनमबाई, तुमच्याकडं प्यायला पाणी नसतं!" खरंय की. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं आणि रांगेत भांडून मिळायचं. पण वडिलांनी शिकवलं हेही खरं. त्यांना स्वतःला मासा धरता येत नव्हता, एवढीच काय ती अडचण. पण वीस वर्षं शाळेत काढल्यावर आता मला कळलंय, तेवढ्यावरून कुणाचं शिकवणं अडत नाही.

वडिलांचं नाव बिरुदेव, आम्ही तात्या म्हणतो. माळावरची वस्ती, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तात्यांचा पाण्याशी संबंध म्हणजे मेंढरं पाजायची आणि लोकर कातरायच्या आधी धुवायची, तीही दुसऱ्याला पाण्यात उभं करून. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पोहता येत नाही असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. "पान्यात काय ठिवलंय?" असं म्हणायचे आणि काठावर बसायचे.

पण माणूस शब्दाचा. पाच गावांत तात्यांचा शब्द चालायचा. बांधावरून भांडण होवो नाहीतर कुणाची मेंढरं कुणाच्या ज्वारीत शिरोत, माणसं तात्यांकडं यायची. तात्या खुंटीवरची आजोबांची काळी घोंगडी काढायचे, अंगणात अंथरायचे, दोन्ही बाजूंना तिच्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "आता बोला." आमच्यात घोंगडीवर बसून खोटं बोलत नाहीत. बोललं तर बिरोबा बघून घेतो म्हणे. कसा बघून घेतो ते कुणाला माहीत नाही, कारण आजवर कुणाची छातीच झालेली नाही. आबासाहेब म्हणून एक तालेवार गडी होता, तो एकदा ऐटीत आला आणि नुसती घोंगडी अंथरताना बघून "चूक माझीच हाय" म्हणत उभ्या उभ्या घरी गेला.

असा माणूस जन्मात एकच खोटं बोलला, तेही माशावरून.

त्याचं मूळ म्हणजे आमची आई, गुरम्मा. तिचं माहेर अक्कलकोट तालुक्यात, भीमेच्या काठावर. तिकडं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिथल्या बायाबापड्याही मासे धरतात. आई तर पोरगी असताना पदरात मासे धरायची. ती लग्न होऊन आमच्या माळावर आली. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत दोन तास उभी राहिली, घागर डोक्यावर घेऊन घरी आली आणि आजी, आत्या, चुलत्या अशा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पानी गाडीनं येतंय. मासं कशानं येतंय तुमच्यात?"

सगळे पोट धरून हसले. तात्या हसले नाहीत. आपल्या गावच्या पाण्यातला, आपल्या हातानं धरलेला मासा हिच्या ताटात एकदा तरी वाढायचाच, असं त्यांनी तिथंच मनाशी ठरवलं. एकच मासा. जास्तीची हाव नव्हती त्यांना.

मग दादा आणि मी कळत्या वयाचे झालो, तशी आमची भरती झाली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सिद्धनाथ. तो अकरा वर्षांचा, मी आठ. वस्तीपासून कोसभर एक पाझर तलाव होता. पाऊस बरा झाला तर त्यात पाणी असायचं, आणि माघ-फाल्गुनात ते आटत आटत मधल्या खोलगट भागात गोळा व्हायचं. पाण्याबरोबर मासेही गोळा व्हायचे. रविवार उजाडला की तात्या आम्हाला उठवायचे. आई दारात उभी राहून म्हणायची, "मी येते की. मला येतंय मासं धरायला."

"तू कशाला? तू चटनी वाट."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मासे धरणारं माणूस घरात चटणी वाटतंय, आणि न येणारा शिकवायला निघालाय.

मासे धरायचं सामान म्हणून तात्या वाघर घ्यायचे. रात्री मेंढरं कोंडायला भोवतीनं जी दोरीची जाळी उभी करतात, ती वाघर. तिची भोकं अशी की कोकराचं डोकं अडकावं. मासा त्यातून एकटा नाही, सहकुटुंब गेला असता. पण तात्यांचं म्हणणं, "लांडगा आत येत न्हाय, तर मासा भाईर कसा जाईल?"

दादा आणि मी पाण्यात वाघरीची दोन टोकं धरून उभे. तात्या कोरड्या काठावर, काठी खांद्यावर आडवी. तिथून हुकूम सुटायचे. "दडपू नगा! मासा म्हंजी काय, मेंढरूच की. म्होरक्या वळिवला की समदा कळप मागनं येतोय." आणि मग हुर्रर्र, चक् चक् चक्, शीळ, सगळं. आमचं कुत्रंसुद्धा फसायचं, पलीकडच्या काठानं पळत जाऊन पाण्याला वळण घालायचं.

"तात्या, म्होरक्या कंचा वळखायचा?" दादा विचारायचा.

"ज्येला मिशा हायत त्यो!"

दोन वर्षं आम्ही मिशावाला शोधला. वाघरीत कधी शेवाळ आलं, कधी कुणाची फाटकी चप्पल. एकदा कासव आलं. तात्यांनी त्याला हात जोडले, "चुकलं देवा" म्हणाले आणि सोडून दिलं. मासा काही आला नाही.

पण रविवारी सांगोल्याचा बाजार असतो, ही देवाची कृपा. उन्हं चढली की तात्या वाघर गुंडाळायचे, डालड्याच्या रिकाम्या डब्यात तलावातला चिखल भरायचे आणि आम्हाला सायकलवर बसवून थेट बाजारात न्यायचे. बाजाराच्या कडेला महानंदा म्हणून एक बाई मासे विकायला बसायची. ती उजनीकडचे मासे आणायची, चकचकीत धुतलेले. तात्या दोन-चार निवडायचे, बाभळीच्या फोकात ओवायचे आणि मग डबा उघडून त्यांना चिखल फासायचे.

महानंदा कपाळावर हात मारायची. "अवं दाजी, मी सकाळधरनं मासं धुती, आन् तुमी बरबटताय व्हय?"

"तू गप बस गं."

मग आम्हाला पुडा भरून गोडी शेव. आणि वाटेत उजळणी.

"आईनं इच्यारलं तर काय सांगायचं?"

"तळ्यात धरला."

"कुनी?"

"तात्यांनी."

पाढे येत नव्हते मला, पण हे तोंडपाठ होतं.

घरी आलं की आई दारात यायची. चिखलानं माखलेल्या माशांकडं बघायची, चिखलानं माखलेल्या आमच्याकडं बघायची आणि म्हणायची, "तळ्यातलंच हाय की." बस्स. तात्यांची छाती अशी फुगायची की सदऱ्याचं बटण तुटावं.

त्या दिवशी एक मात्र वेगळं व्हायचं. एरवी संध्याकाळी आम्ही सगळे त्या काळ्या घोंगडीवरच जेवायला बसायचो. माशाच्या दिवशी ती खुंटीवरच राहायची. तात्या म्हणायचे, "उकडतंय लई, भुईच बरी." माघ महिन्यात उकडायचं त्यांना. आई म्हणायची, "देवाच्या घोंगडीला वास लागतंय." मी एकदा विचारलं, "मग मटणाच्या दिवशी वास लागत नाही का?" तर दोघंही एकदम म्हणाले, "गप जेव!" आमच्या घरात त्या दोघांचं एका वेळी एकमत झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

मी बारा वर्षांची असताना आईबरोबर आजोळी गेले होते. मावशीनं त्या दिवशी गावतळ्यातले मासे रांधले होते. आईनं एक घास घेतला आणि ताट सारलं. "साकु," म्हणाली, म्हणजे पुरे. "तळ्याचं मासं चिकलाचा वास मारतंय बघ. वरनं किती बी धुवा, आत मुरलेला असतंय. आमी नदीचंच खायचो."

मी घास घेतला. खरंच, घासात ओल्या मातीचा वास होता. आणि माझं तोंड हलायचं थांबलं. एवढी वर्षं आमच्या घरी "तळ्यातला" मासा शिजत होता, त्याला कधी असा वास आला नव्हता. चिखल सगळा बाहेरून होता, डालड्याच्या डब्यातला. मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं.

"जेव गप," ती म्हणाली. "आन् हितलं हितंच."

परतीच्या एस.टी.त मी तिला छेडलंच. "तुला ठाऊक आहे, तर तात्यांना सांगत का नाहीस?"

आईनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाली, "आपल्यासाठी कोन येवढं उनातनं जातंय गं? येवढं चिकल वागवतंय? सांगून काय मिळनार मला? मासं बी जाईल आन् मानूस बी पडंल." आणि मग, "झाकली मूठ असू दे."

तेव्हापासून मी दोन्हीकडची झाले. तात्यांचं गुपित आईपासून लपवायचं आणि आईचं तात्यांपासून. इतकी जबाबदारीची नोकरी मला पुढं शाळेतसुद्धा मिळाली नाही.

वर्षं गेली. दादानं डाळिंबाची बाग लावली, मेंढरं विकली. मी लग्न होऊन सोलापुरात आले. तलाव तर किती वर्षं ठणठणीत कोरडा पडला, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. तेव्हासुद्धा तात्या बाजारातून मासे घेऊन आले, आणि आईनं त्यांच्याकडं बघून सांगितलं, "तळ्यातलंच हाय की."

मग अलीकडं योजनेचं पाणी आलं, कालव्यातून तलावात सुटलं, ग्रामपंचायतीनं माशांचं बीजही सोडलं. तात्या तोवर चौऱ्याहत्तरचे. मेंढरं नाहीत, कामधंदा नाही, गुडघे बोलायला लागलेले. दादाच्या पोरीनं, ऋतुजानं, त्यांना मोबाईलवर मासे धरायचे व्हिडिओ लावून दिले. झालं! तात्या दिवसभर डोळ्याला मोबाईल लावून. त्यात एक गोरा माणूस होता, तो भला थोरला मासा धरायचा, त्याचा मुका घ्यायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. तात्यांना ते बघवायचं नाही. "येडं हाय. घरात बायकू न्हाय वाटतं ह्येच्या."

त्या गोऱ्याकडून तात्या गळ टाकायला शिकले. वाघर गेली, कळकाची काठी आली. डाळिंबाच्या बागेतल्या गांडूळखतातून गांडुळं मिळायला लागली. दादा ओरडायचा, "तात्या, खतातली गांडुळं नका नेऊ!" तात्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं. रोज दुपारी तलावावर जायचे आणि रोज हात हलवत यायचे. आणि एक गोष्ट मी पाहिली. आता ते बाजारात जात नव्हते. महानंदाचा मासा घरी येणं बंद झालं होतं. पाण्यात खरा मासा असताना खोटा कसा आणायचा, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं असावं. आई कधीतरी म्हणायची, "लई दिवस झालं, मासं न्हाय ते." तात्या खाली मान घालायचे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी होते. दुपारी तीनचा सुमार. आई सोप्यात बसून सुपात तूर निवडत होती. तात्या अंगणात आले आणि मी किंचाळलेच. छातीपर्यंत ओलेचिंब. धोतरातून पाणी गळतंय, कळकाची काठी कुठंतरी राहिलेली, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत एक चिलापी. केवढी? माझ्या तळहाताएवढी. शेपूट अजून हलत होतं.

"तात्या! पाण्यात गेला होता तुम्ही?"

"गळ अडाकला हुता," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "सोडून दिला असता तर गेली असती की ही."

गुडघाभर पाण्याला भिणारा माणूस. राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं.

तात्या पायरीपाशी गेले आणि ओंजळ पुढं करून उभे राहिले. आईनं सुपातून मान वर केली नाही. तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "तळ्यातलंच हाय की."

तात्या तसेच उभे.

"बघितलं बी न्हाईस," ते म्हणाले.

"बघायचं काय त्यात? तळ्यातलंच हाय."

तात्यांचा चेहरा मला दिसत होता. ज्या माणसानं पाच गावांचं खोटं पकडलं, त्याला स्वतःच्या घरातलं कळायला पस्तीस वर्षं लागली. न बघता म्हणाली, म्हणजे बघूनही हेच म्हणाली असती. म्हणजे आजवर तिनं हेच केलं होतं. गप्प बसावं, तर जन्मात एकदा धरलेला मासा महानंदाच्या पाटीत जाऊन पडणार. आणि हा खरा म्हणावं, तर मागचे सगळे रविवार उघडे पडणार.

तात्या घरात गेले. खुंटीवरची घोंगडी काढली, सोप्यात अंथरली आणि ओल्या अंगानं तिच्यावर बसले. चिलापी पुढ्यात ठेवली.

"अगं, हिकडं बघ," ते म्हणाले. आईनं सूप खाली ठेवलं.

"ही मी धरली. ही येकच. आदीचं समदं महानंदाचं हुतं."

एवढं बोलायला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं. आई उठली, चिलापी उचलली आणि म्हणाली, "धोतर बदला. घोंगडी भिजतंय." आणि चुलीकडं गेली. तात्यांनी धोतर बदललं आणि परत येऊन घोंगडीवरच बसले. जी बघूनच आबासाहेब पळाला होता, तिच्यावर ते निकालाची वाट बघत बसले.

कालवण झालं. तोवर दादा आणि ऋतुजाही आले होते; माणसं पाच आणि मासा एक. तात्या म्हणाले, "मी वाढनार," आणि तो आख्खा मासा त्यांनी आईच्या ताटात घातला. आईनं ताट उचललं. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी पलीकडं भुईवर जाऊन बसेल. ती आली आणि तात्यांच्या शेजारी घोंगडीवर बसली.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. माशाच्या दिवशी हा माणूस घोंगडीवर बसत नव्हता, आणि ही बाईसुद्धा बसत नव्हती. उकाडा नव्हता आणि वासही नव्हता. दोघांनाही खोटं बोलायचं होतं. मटणाचा प्रश्न विचारणाऱ्या मला, आता पोरांना गणित शिकवणाऱ्या मला, उत्तर यायला तीस वर्षांवर लागली. धन्य माझी!

आईनं पहिला घास मोडला. ऋतुजासुद्धा मोबाईल ठेवून बघत होती. आता आई घोंगडीवर होती, आता जे असेल तेच सांगणार होती. तिनं घास सावकाश चावला, तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"चिकलाचा वास मारतंय," ती म्हणाली. "महानंदाचं बरं हुतं."

"मारतोय न्हवं?" तात्या एवढ्यांदा ओरडले की अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं. "मारतोय न्हवं वास? सिदू, आयकलं का? पूनम, तू आयकलंस?" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी घोंगडीच्या कोपऱ्यानं पुसलं.

आईनं ती चिलापी कुणालाही तुकडा न देता खाल्ली. डोकंही चोखून खाल्लं. तळ्याचा मासा पुढून सारणारी ही बाई, ताटात नुसता काटा उरवून बोटं चाटत बसली होती. मग म्हणाली, "उद्या मी येते तळ्यावर. गळ सोडवायला कुनी पान्यात उतरतंय व्हय? दावते मी."

तात्यांनी तिचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"ये," ते म्हणाले. "चटनी मी वाटतो सकाळीच."